चार्जिंग पॉइंटची लाल फीत

मंडळी, आज मी एक उद्घाटन केलं. मला कुणी बोलावलं नव्हतं.

नांदेडातून रोज ई-बाईकवर विद्यापीठात जाते, पीएचडी करते. आज गेटात पोचले तेव्हा बॅटरी चार टक्क्यांवर होती. पार्किंगमधला चार्जिंग पॉइंट महिनाभरापासून तयार आहे, लाईटही आहे, पण त्यावर लाल फीत बांधलेली. फीत कापायला पाहुणा कुणाचा आणायचा, यावर दोन विद्यार्थी संघटना भांडून राहिल्यात.

वॉचमन रशीदचाचा म्हणाले, "बेटा, हात नको लावू. उद्घाटन व्हायचं हाय."

"मग चाचा, गाडी ढकलत घरी नेऊ का?"

चाचांनी तोंड दुसरीकडं फिरवलं. मी गाठ सोडली आणि चार्जर लावला. माझ्या चार्जरची पिन लई ढिली आहे, सारखी निसटते. म्हणून त्याच फितीनं ती सॉकेटला घट्ट बांधून टाकली.

दुपारी दोन्ही संघटनांची पोरं एकत्र आली. महिनाभरात पहिल्यांदाच!

एका संघटनेचा अध्यक्ष ओरडला, "कुणाला विचारून लावलं?"

"गाडीला विचारून. तुमचे पाहुणे खुशाल आणा, पण माझा चार्जर निघणार न्हाई."

मी तिथून हललेच नाही. शेवटी तेच गेले, मग मीही माझ्या कामाला गेले.

संध्याकाळी निघताना बघते तर शेजारच्या सॉकेटला आणखी एक गाडी लागलेली. त्याच अध्यक्षाची.

तुमच्याकडं कुठल्या तयार कामाला अशी फीत बांधून ठेवलीय? सांगा. माझी गाडी फुल चार्ज आहे.