भावाच्या वाट्याचं मीठ

कानिशायला कुठल्याही गोष्टीचं कारण सापडल्याशिवाय चैन पडत नसे. आत-बाशीच्या खोऱ्यात तिच्या मधमाश्यांच्या पेट्या होत्या. एखादी पेटी मंदावली की बाकीचे लोक ती सावलीत हलवत, साखरपाणी ठेवत, दार बारीक करत, सगळं एकदम करून मोकळे होत. कानिशाय एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वाट बघायची.

"सगळं एकदम केलं तर बरं होईलही, पण कशानं झालं ते कळायचं नाही," असं तिचं म्हणणं.

"तुला माश्या हव्यात की उत्तर?" नवरा तोलोगोन विचारी.

"दोन्ही."

धाकट्या भावाला, एसेनकुलला, तिने आपली एक किडनी दिली त्याला आता तीन वर्षं होत आली होती. द्यायचं की नाही यावर तिने फार विचार केला नव्हता. प्रश्न मात्र विचारून विचारून डॉक्टरीणबाईंना भंडावून सोडलं होतं. मागे राहिलेली एकटी काय करते? दुसरी गेल्याचं तिला कळतं का? बाई म्हणाल्या, ती हळूहळू थोडी मोठी होते आणि गेलेलीचं बरंचसं काम अंगावर घेते.

"म्हणजे थोरल्या सुनेसारखी," कानिशाय म्हणाली.

"तशीच. फक्त तिच्यावर आणखी ओझं टाकू नका. मीठ बेताचं, वजन बेताचं, पाणी भरपूर. गुडघा दुखला म्हणून मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत. आणि दरवर्षी येऊन दाखवून जायचं."

यातलं सगळं ती पाळत होती, निदान तिची तशी समजूत होती. म्हणून यंदा नारिन शहरातल्या दवाखान्यात बाईंनी रक्तदाब दोनदा मोजला, मग तिसऱ्यांदा मोजला, तेव्हा तिला भीती वाटायच्या आधी नवल वाटलं. लघवीतही थोडी प्रथिनं उतरत होती.

"मीठ किती खाता?"

"गावात सगळे खातात तेवढंच."

"मग गावापेक्षा कमी खा. शरद संपताना पुन्हा या. दाब असाच राहिला तर गोळ्या सुरू कराव्या लागतील. तुमच्याकडे शिल्लकीत दुसरी नाही, हे विसरू नका."

घरी येताना तिने तोलोगोनला बजावलं, एसेनकुलच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर तो तिच्यासमोर मान वर करून बोलला नव्हता. आता कुठे हसायला लागला होता. ताईची उरलेली किडनी बिघडतेय असं कळलं असतं तर तो आपल्या अंगातल्या किडनीचा रागराग करत बसला असता.

गावच्या नर्सकडून तिने रक्तदाब मोजायचं यंत्र मागून आणलं आणि शोध सुरू केला. पेट्यांचा करायची तसाच.

शेजारची सोनुनबुबू निदान घेऊनच आली. "थंडी लागलीय तिला. दोघी होत्या तेव्हा एकमेकींना ऊब द्यायच्या. हा घे पट्टा, उंटाच्या लोकरीचा आहे."

कानिशायने आठवडाभर पट्टा बांधला. कमरेला घाम आला, यंत्रातला आकडा हलला नाही.

"घट्ट बांधला नसशील," सोनुनबुबू म्हणाली.

त्यांच्याकडे दुधाच्या चहात मीठ घालतात; मग सकाळच्या चहातलं ते मीठ बंद केलं. तोलोगोनने पहिला घोट घेतला आणि वाडगा खाली ठेवला. "हा चहा आजारी आहे की तू?" आकडा जरासा उतरला, पण पुन्हा चढला. मग ती रोज सकाळी नाल्याच्या बाजूने चढण चढून येऊ लागली. अंग हलकं झालं, झोप छान लागू लागली. आकडा उतरायचा आणि काही दिवसांनी पुन्हा चढायचा. नेमका का, ते कळेना.

तेवढ्यात एसेनकुल आपल्या तपासणीसाठी राजधानीला, बिश्केकला गेला आणि तिथे मुलीकडे राहिला. तो गेल्यावर आकडा खाली आला आणि तिथेच थांबला. कानिशाय यंत्राकडे बघत बसली.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "माझा भाऊ गावात नसला की माझं रक्त शांत असतं."

"माझंही," तोलोगोन म्हणाला.

पण तिला हसू आलं नाही, कारण उत्तर समोर उभं होतं. दर रविवारी दोघं एसेनकुलकडे जेवायला जात. मांस शिजलं की ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे हाडाचा वाटा निघे, आणि घरच्या कर्त्याचा वाटा निघाला नाही असं होऊच शकत नव्हतं. एसेनकुलला मीठ वर्ज्य. त्याची बायको अनारखान त्याच्यापुरतं अळणी वेगळं शिजवी. मग पातेल्यातला त्याचा खारा, चरबीचा वाटा तो स्वतःच्या हाताने ताईच्या ताटात ठेवी. वर चुचुकच्या, म्हणजे घोड्याच्या मांसाच्या खारवलेल्या सॉसेजच्या, जाड चकत्या. "मला चालत नाही, एजे. माझ्याही तोंडाने तूच खा." एजे म्हणजे ताई. आजारी तो, म्हणून पथ्य त्याला. ताई धडधाकट, म्हणून जेवण दोघांचं तिला. हे उलटं आहे असं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, तिच्यासुद्धा. वर उरलेला चुचुक तो पुरचुंडीत बांधून द्यायचा आणि ती आठवडाभर चहाबरोबर तो संपवायची. भावाने दिलेलं टाकायचं कसं?

कारण सापडलं, पण आता करायचं काय, ते तिला सुचेना. आजारी भावाने दिलेला वाटा नाकारणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवण्यासारखंच.

एसेनकुल परतला तो आनंदात. तपासण्या उत्तम आल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या दिवसाची आठवण म्हणून दरवर्षीप्रमाणे त्याने मेंढा कापला, शेजारपाजार बोलावला. दुवा मागून झाली, वाटे निघाले, आणि त्याने आपला वाटा उचलून कानिशायच्या ताटात ठेवला.

तिने त्यातला एक घास खाल्ला. मग हाड उचललं आणि अनारखानपुढे धरलं. "घे, अनारखान. तुझ्या कष्टाचं आहे."

थोरल्याने चाखून धाकट्याला देणं यात वावगं काही नव्हतं. पण हा वाटा आजवर तिच्या ताटातून कधी हलला नव्हता. अनारखानने घ्यायला हात पुढे केला आणि नवऱ्याचं तोंड बघून तसाच धरून ठेवला.

"माझ्या हातचं आता गोड लागत नाही होय?" एसेनकुल म्हणाला.

"लागतं रे. तेच तर."

"काय तेच तर?"

घरून ठरवून आणलेली सबब कानिशायने सोडून दिली. ती म्हणाली, "माझा रक्तदाब वाढलाय. नारिनला सांगितलं त्यांनी. मीठ तोडायला हवं."

एसेनकुल उठून बाहेर गेला. सोनुनबुबूने तेवढ्यात पट्ट्याचा विषय काढलाच. कानिशाय भावामागे गेली. तो अंगणात सरपणावर बसला होता.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि मी दर रविवारी तुला चारतोय." त्याने तोंडावरून हात फिरवला. "तुला काही झालं तर मी हे पोटात घेऊन कुठे फिरू?"

"म्हणूनच सांगितलं नव्हतं."

"किडनी मागितली तेव्हा एका शब्दात हो म्हणालीस. चुचुक नको म्हणायला तुला तीन वर्षं लागतात?"

तिला हसू फुटलं. तो हसला नाही. "हसू नकोस, एजे. मला राग आलाय."

"येऊ दे की. इतकी वर्षं माझ्यावर रागावला नाहीस, ते काही बरं नव्हतं."

शरदाच्या शेवटी तो तिच्याबरोबर नारिनला आला. नको म्हटलं तरी आला, आणि दारात न थांबता आत येऊन बसला. दाब उतरला होता. प्रथिनं कमी झाली होती, गेली नव्हती. बाई म्हणाल्या, गोळ्या तूर्त नकोत, असंच चालू द्या, वसंतात परत बघू. कानिशायला अजून चांगलं ऐकायचं होतं. एसेनकुलने मात्र ताईसाठी चार प्रश्न विचारले, तिला सुचले नव्हते असे.

बाहेर पडल्यावर दोघं बाजाराजवळच्या खाणावळीत शिरले. एसेनकुलने लगमानचे, म्हणजे रश्श्यातल्या जाड शेवयांचे, दोन वाडगे मागवले, दोन्ही अळणी.

"मिठाशिवाय लगमान?" वाढणारी बाई म्हणाली. "कुणी वारलंय का तुमच्यात?"

"नाही वारलं, म्हणूनच," तो म्हणाला.

कानिशायने शेवया तोंडात घातल्या आणि बराच वेळ चावत राहिली. "काय रे हे. कशाचीच चव नाही."

"नसते."

"तू रोज हेच खातोस?"

"तीन वर्षं."

शेजारी बसून इतक्या रविवारी ती जेवली, पण त्याच्या वाडग्यात काय असतं ते तिने कधी चाखून पाहिलं नव्हतं. "सांगायचं नाही का मला?"

"तू सांगत होतीस का?" त्याने तिचा वाडगा पुढे ओढला, त्यात व्हिनेगर टाकलं, लसणाची पाकळी ठेचून घातली, सुक्या मिरचीचा चुरा भुरभुरला आणि ढवळला. "सुरुवातीला याच्यावर भागतं. पुढे पुढे जीभच शहाणी होते. खाऊन बघ."

तिने खाऊन बघितलं.

"आणखी जरा व्हिनेगर घाल," ती म्हणाली.