मामांचा शब्द

आमच्या घरातलं पानसुद्धा मामांच्या शब्दाशिवाय हलायचं नाही. हे मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ नव्हेत. ते आमच्या भागाचे पुढारी, लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. आईच्या सख्ख्या भावाला आमच्या घरी कधी मिळाला नाही एवढा मान या मामांच्या तसबिरीला होता. देवांच्या रांगेत ती टांगलेली असे. जिवंत माणसाच्या तसबिरीला हार घालू नये, असं म्हणून आईनं हाराला आडकाठी केली, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तसबिरीला रोज गंध लावायला सुरुवात केली. काही वर्षांनी काचेवर गंधाचा एवढा थर बसला की मामांचे डोळे नीट दिसेनात. आबांना त्याचं काही वाटलं नाही.

ही भक्ती उगाच नव्हती, हेही सांगायला हवं. बेचाळीसच्या चळवळीत मामा भूमिगत होते तेव्हा आबांनी त्यांना उसाच्या फडात भाकरी पोचवली होती. पुढं पलूसकडच्या आमच्या माळाला नदीचं पाणी आलं, गावात हायस्कूल झालं, तेही मामांच्याच खटपटीनं. मी त्या हायस्कुलात शिकले. आणि मी तरी कुठं मागं होते? मामांना कुणी वावगं बोललं की माझं डोकं फिरायचं. सातवीत असताना वर्गातल्या एका मुलीनं 'तुमचे मामा नुसतेच बोलतात' म्हटलं, तर मी तिच्या थोबाडीत मारली होती. ती खरं बोलत होती की खोटं, याचा विचार करायचीसुद्धा मला गरज वाटली नाही.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी मॅट्रिक झाले. आमच्या वाडीत मॅट्रिक झालेली मी पहिलीच मुलगी. हेडमास्तर घरी आले आणि आबांना म्हणाले, हिला सांगलीला कॉलेजात घाला, विश्रामबागेत मुलींच्या राहण्याची सोय आहे. आबांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी वाडीभर साखर वाटली, कॉलेजचा फॉर्म मागवला आणि सही करण्याआधी मला मामांच्या पायावर घालायला सांगलीला नेलं.

मामा दर गुरुवारी आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात बसत. गाऱ्हाणी घेऊन आलेल्या माणसांची रांग फाटकाबाहेर जायची. आमचा नंबर लागला. मी पाया पडले. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आबांना म्हणाले, "पोरगी मोठी झाली की रं. लग्नाचं कवा बघतोयस?" आबा तोंड उघडणार, एवढ्यात मामा मागच्या माणसाकडं वळले. झालं आमचं दर्शन.

 घरी आल्यावर आबांनी फॉर्म घडी घालून मामांच्या तसबिरीमागं खोचला आणि विट्याच्या एका स्थळाला निरोप धाडला. मुलाच्या घरच्यांचं मद्रासकडं सोनं गाळायचं दुकान होतं. माणसं चांगली असतील. पण मला मद्रासला जायचं नव्हतं, मला विश्रामबागेत जायचं होतं.

"मामांनी नुसतं इचारलं, आबा. लगीन करा म्हणून सांगितलं न्हाई," मी म्हणाले.

"मोठी माणसं सांगत न्हाईत, पोरी. सुचवत्यात. आपुन वळखायचं असतं."

 मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी रडण्याचा कंटाळा आला आणि राग आला. फॉर्म द्यायची मुदत पुढच्या सोमवारी संपत होती. मध्ये एकच गुरुवार होता. मी आईला म्हणाले, मी मामांना विचारायला जाणार, तू आलीस तर बरं, नाहीतर एकटी जाते.  आईनं आबांना सांगितलं, "आवं, आमी गणपतीला जाऊन येतो." सांगलीच्या गणपतीला नाही म्हणायची आबांची छाती नव्हती. आम्ही गणपतीला गेलोही. तेवढंच खोटं कमी.

बंगल्यावर तीच रांग होती. आमच्या पुढं मिरजेकडचा एक शेतकरी होता. त्याच्याबरोबर त्याची मुलगी होती, आठेक वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. ती मामांच्या पाया पडली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, नजर मात्र तिच्या मागच्या रांगेवर. "पोरगी मोठी झाली की रं. लग्नाचं कवा बघतोयस?" तो बिचारा मान डोलावत गेला. आईनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिला हसू आलं होतं की रडू, मला कळलं नाही. मला मात्र अंगावर गार पाणी ओतल्यागत झालं. याच एका वाक्यावर माझा जन्म विट्याला बांधला जात होता.

मी मामांना सगळं सरळ सांगितलं. मागच्या वेळचं त्यांना अर्थातच आठवत नव्हतं. ते मोकळं हसले. "आगं, मी सगळ्यांनाच इचारतो. काय तरी बोलाया नगं व्हय? शीक की तू, लगीन काय पळून चाललंय?" त्यांनी कारकुनाकडून आबांच्या नावानं तशी चिठ्ठी लिहून घेतली, खाली सही केली आणि माझ्या हातात दिली. माणूस वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

आई खुशीत होती. मी एस.टी.त चिठ्ठी मुठीत धरून बसले आणि पलूस येईपर्यंत माझी खुशी ओसरली. आज मामा शीक म्हणाले. वर्षभरानं आबा पुन्हा त्या रांगेत उभे राहिले आणि मामा सवयीनं तेच बोलले, तर? माझं कॉलेज दर गुरुवारी त्या व्हरांड्यात टांगलेलं राहणार होतं. मला असली परवानगी नको होती.

दुपारी घरी पोचलो. आईनं चूल पेटवून चहा ठेवला आणि आबा चुलीपुढं वाट बघत बसले. मी सांगून टाकलं, "आबा, आमी मामांकडं गेलो हुतो. त्यांनी तुमाला चिठ्ठी दिलीया." आबा धडपडत उठले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले.

"आदी तुमी सांगा. मी शिकावं का न्हाई?"

"मामा काय म्हंत्यात?"

"मामांचं ऱ्हाऊ द्या. तुमाला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचं? आण ती चिठ्ठी."

मी ती चिठ्ठी चुलीत घातली.

आबांनी माझ्यावर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदाच. तो हात तसाच राहिला, मग खाली आला. त्यांनी आईकडं पाहिलं. आई चहात साखर घालत होती. तिनं मान वर केली नाही. आबा तसेच मळ्यात निघून गेले. शुक्रवार गेला, शनिवार गेला, रविवार गेला. आबा जेवायचे आणि उठून मळ्यात जायचे. मीही हटले नाही. भीती मात्र होतीच, कारण सोमवार हुकला असता तर चुलीतली राख मला काही उपयोगाची नव्हती.

सोमवारी सकाळी आबांनी तसबिरीमागून फॉर्म काढला आणि उंबऱ्याजवळ उजेडात बसून सही केली. नाव रेघेखाली उतरलं. फॉर्म माझ्याकडं सरकवत, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मला वाटतंय तू शिकावं. मामा न्हाई म्हणाले असतील, तरी जा."

चिठ्ठीत काय होतं ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.