पिवळा आधी, काळा शेवटी

“हे कोन बघनार हाय?” आमचे चित्रकलेचे सर कागद उजेडाकडे धरून आधी हेच विचारायचे. चांगलं-वाईट नंतर. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस नव्हता. वर्गात प्रत्येकाला अर्धा पेला पाणी मिळे. तेवढ्यातच ब्रश धुवायचा. म्हणून आधी पिवळा, मग तांबडा, मग निळा आणि काळा शेवटी. कुणी घाईत काळा आधी बुडवला की सर कळवळत, “अगं माय, आता पिवळा कुठून आनू? टँकर उद्या येतो!”

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत संकल्पचित्राला वर्तुळातलं कमळ यायचं. सर ते शिकवत आणि लगेच म्हणत, “आता तेलाच्या डब्याचं लेबल करा. जिल्हा झालाय, दुकानं वाढतील. लेबलं काय मुंबईहून आनायची?”

मुख्याध्यापकांना आणि आमच्या वडलांनाही हवे होते डॉक्टर, इंजिनियर. चित्रकलेची खोली गणिताच्या जादा वर्गाला द्यायचं घाटत होतं. इंटरमिजिएटचा निकाल चांगला लागला तर बघू, एवढंच सरांना कळवलं होतं. तेव्हापासून सरांचा जेवणाचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला. मला रोज बजावत, “पेपरात तेलाचा डबा काढू नको हां, माय. गुपचूप कमळ काढ.”

मी कमळ काढलं. अ श्रेणी आली. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, तीही उपयोजित कलेची. तिची सुरुवात त्या कमळात आहे, हे मी ताठ मानेनं सांगते.

तरी खोली गेलीच. वर मुख्याध्यापक म्हणाले, “पालक ऐकत नाहीत, सर. गणिताच्या वर्गाची पाटी मात्र तुमच्याच हातची पाहिजे.”

मी चिडले. “कशाला करता, सर?”

“कोन बघनार हाय ती? आठवीची लेकरं. त्यांचा काय गुन्हा?”

त्यांनी मला दाराशेजारी उभं केलं, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर खडूनं रेघ मारली आणि तिथं पाटी ठोकली. मग तिला पिवळ्या रंगाचा हात दिला. काळ्या अक्षरांसाठी ब्रश बुडवताना मात्र बराच वेळ थांबले.

सर आता नाहीत. परवा शाळेनं मला उद्घाटनाला बोलावलं होतं. त्याच खोलीत आता संगणकावर डिझाइनचा वर्ग सुरू होतोय. वर्गाच्या नावाचा फ्लेक्स पार छताला टेकलेला. मी शिपायाला तो खाली घ्यायला सांगितलं.

“म्याडम, इतक्या खाली कुठं पाटी असती का?”

दाराशेजारी भिंतीत जुन्या खिळ्यांची चार भोकं होती. मी त्यांवर बोट ठेवलं.