फटींतून येणारं पाणी

अनय, मीरा, आजोबांची शिडाची होडी विकायची का, असं तुम्ही परवा विचारलंत. उत्तर आजच लिहायला घेतलं, कारण कालपासून मी खाडीच्या पायरीवर बसून तीच होडी बुडताना पाहते आहे.

चार वर्षं शेडमध्ये राहून तिच्या फळ्या सुकल्या, फटी पडल्या. त्या बुजवायला मी लांबीचा डबा आणून ठेवला होता. ती भरण्याआधी फोनवरच्या होडीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला, तर गोव्याच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "आजी, हात आवरा. फटी भरल्यात तर लाकडाला फुगायला जागा राहणार नाही, फळी फुटेल. पाण्यात सोडा, गळू दे. फळ्या फुगल्या की फटी आपोआप मिटतील."

खाली कुणीतरी जोडलं, "आणि तुम्ही चहा घ्या."

काल होडी पाण्यात सोडली आणि पाणी आतल्या बाकापर्यंत चढलं. दर तासाला मी फोटो पाठवते आणि 'थांबा' एवढंच उत्तर येतं. चहा दोनदा गार झाला. फट दिसली की बुजवायची, हीच माझी सवय. तुम्ही दूर गेलात तेव्हाही मी दुसऱ्याच दिवशी सगळी कपाटं आवरायला काढली होती.

मघाशी शेजारच्या गणूभाऊंनी पाणी उपसलं. तासाभराने मी वाकून पाहिलं. तळाला जेमतेम बोटभर पाणी आहे. होडी तरंगते आहे.