केळ झोपली आहे

केळीशी कुणी वैर धरतं का? सलमाने धरलं होतं, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

दोह्याच्या अल मन्सूरा भागातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटात माणसांनाच अंग चोरून वावरावं लागे. तिचा नवरा रहमान एका एसी डक्टच्या कंपनीत स्टोअरकीपर. दिवसभर पत्रे आणि बोल्ट बघून त्याला हिरव्याची हौस आली आणि नर्सरीतून तो एक केळ घेऊन आला. हिरवी नव्हेच, लाल पानांची.

"घड कधी येणार हिला?" रत्नागिरीच्या बाईला सुचावा तोच प्रश्न सलमाने विचारला.

"ही शोभेची. हिला घड नाही."

"मग पान तरी जेवायला घेऊ?"

"हात लावू नकोस!"

झालं, त्या दिवसापासून ती केळ सलमाच्या डोक्यात गेली.

तेही तिने सोसलं असतं, पण रहमानला फोनवरच्या व्हिडिओंत एक इंग्रज सापडला. थंड मुलुखातला, स्वेटर घालून बागेत उभा राहणारा हा माणूस शोभेच्या केळी हिवाळ्यात कशा जगवायच्या ते सांगायचा. ऑक्टोबर आला की पानं छाटा, खोड गुंडाळा, पाणी तोडा आणि मार्चपर्यंत अंधाऱ्या कोरड्या खोलीत निजवा. रहमानने शब्द न् शब्द पाळला.

"अहो, ऑक्टोबर त्यांचा!" सलमाने कपाळाला हात लावला. "आपल्याकडे अजून एसी चालू आहे. सगळा उन्हाळा भाजून निघालेल्या झाडाला आत्ता कुठे बरं वाटतंय, आणि तुम्ही त्याला झोपवताय?"

"तुला त्यातलं कळत नाही. ही आपल्या परसातली केळ नव्हे. हिला बुडाशी पिलं येत नाहीत. खोड गेलं की खलास! म्हणून जपायचं."

हे पिलांचं त्याने तिला शंभरदा ऐकवलं. आणि खोड जपलं कशात, तर सलमाच्या आईने शिवलेल्या गोधडीत! ती गुंडाळलेली केळ कुंडीसकट मागच्या लहान खोलीत गेली आणि त्या खोलीत झोपणारी रिदा हॉलमध्ये आली. "पप्पा, दॅट्स माय रूम," एवढं बोलून पोरीने कानाला हेडफोन लावले. बापाला काही समजावण्यात अर्थ नाही, हे तिला आईच्या आधी कळलं होतं.

जानेवारीत सलमाची आई अनीसाबी आली. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच. कधी घरातलं आजारपण, कधी म्हशी, कधी पासपोर्ट. दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. आई आपल्या घरात झोपलीय, आपल्या हातचा चहा पितेय, हे सलमा सकाळी उठून बघायची आणि तिचं पोट भरायचं. फक्त आईची खाट केळीला चिकटून होती. केळ जरा सरकवायची म्हटली तरी रहमान ओरडायचा, "धक्का लागेल, झोपलीय ती!"

व्हिसा महिन्याचा होता. तो वाढवता येत होता, पण अर्ज रहमाननेच करायचा होता. विचारलं की तो म्हणायचा, "बघू, इन्शाल्ला." त्याच्या इन्शाल्लाचा अर्थ सलमाला चांगला ठाऊक होता. आता मुदतीचा शेवटचा आठवडा उरला होता. शुक्रवारी जुम्म्यानंतर, त्याचं पोट भरलं की शेवटचं विचारायचं, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी अनीसाबी स्वयंपाकघरात आली. "सलमा, माझ्या उशाशी ते काय बांधून ठेवलंयस गो? वास मारतोय."

कुकरची शिट्टी होत होती आणि फोनही वाजत होता. "केळ आहे ती मेली!" सलमा खेकसली. "कर तिचं काय करायचं ते!"

आता कोकणातली बाई केळीच्या खोडाचं काय करणार?

शुक्रवारी रहमान जेवायला बसला. "भाजी मी करते," म्हणून अनीसाबीने सकाळीच चुलीचा ताबा घेतला होता. पहिला घास तोंडात गेला आणि तो थांबला.

"गाभ्याची भाजी? सोडे घालून?" त्याचा आवाज मऊ झाला. अनीसाबी त्याच्या आईची चुलत बहीण, म्हणून तो तिला खालाच म्हणे. "खाला, अम्मी गेल्यापासून अशी खाल्ली नव्हती." त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली. सलमाने मनात विचार केला, आता विचारावं.

"पण दोह्यात गाभा मिळाला कुठे?"

"कुठे म्हणजे? माझ्या उशाशी. गोधडीत कोंडून वरची सोपटं सगळी कुजली होती रे. आतला गाभा मात्र पांढराशुभ्र निघाला. टाकवेना मला."

रिदाने हेडफोन काढले. बाल्कनीत दोरीवर धुतलेली गोधडी वाळत होती, ती आता सगळ्यांनाच दिसली.

अनीसाबीने एकेकाचा चेहरा पाहिला आणि तिला उमगलं. "जपायची होती का ती? या अल्ला! मी आपली... सलमा, माझी बॅग काढ गो."

सलमाला इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. नवऱ्यावर, त्या स्वेटरवाल्यावर, आईवर, की 'काय करायचं ते कर' म्हणणाऱ्या स्वतःच्या जिभेवर? व्हिसा गेला, आई गेली. त्यात मेली भाजीही झकास झाली होती.

रहमानने ताटातला घास संपवला. मग म्हणाला, "गड्डा?"

"तो नाही टाकला रे. बाल्कनीत लावलाय, पाणी घातलंय. पिलं येतील, तू जिवाला लावून घेऊ नकोस."

"किती दिवस लागतील?"

"दोन महिने तरी."

रहमानने डाव्या हाताने फोन ओढला. "मग दोन महिने राहावं लागेल, खाला. आम्हाला कुठे जमतंय पाणी घालायला? पासपोर्ट आण गं सलमा, अर्ज आत्ताच करतो."

सलमाने तोंड उघडलं. पिलं येत नाहीत, असं तुम्हीच तर शंभरदा सांगितलंत, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. रहमानने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

तिने तोंड मिटलं, डोळे पुसले आणि पातेल्यात उरलेली सगळी भाजी त्याच्या ताटात वाढली.