उदेसिंग आप्पांचा घाट

डामरखेड्याचा पूल मागे पडला तेव्हा नानीबाई आमच्या बरीच पुढे गेली होती. अनवाणी, हातात पूजेची पिशवी, तोंडात महादेवाचं नाव. शहाद्याहून प्रकाशापर्यंत पायी जाऊन केदारेश्वराचं दर्शन घेईन, असा तिचा नवस होता. मी शेजारीण, सोबतीला निघालेली. माझ्या बाजूला तिचे यजमान उदेसिंग आप्पा. उसाची ट्रॉली अंगाजवळून गेली की ते ट्रॅक्टरवाल्याकडे बघून नापसंतीची मान हलवत. त्यांना तो अधिकार होता. एकतीस वर्षं एसटी चालवली, गाडीला एक ओरखडा नाही.

"ताई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "एक गोट सांगू? तो घाट मी उतरनूच नही."

मी जागच्या जागी थांबले. नवस त्या घाटाचाच होता.

घाट खरा नव्हे, कॉम्प्युटरवरचा. आप्पा निवृत्त झाले आणि लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर घरी ठेवून दिला. त्यात बस चालवायचा एक खेळ होता. आप्पांनी शहरातले रस्ते, पूल, वळणं सगळं सहज पार केलं. शेवटी आला घाट. तिथं बस रोज दरीत. त्यांचे जुने कंडक्टर दलसिंग चहाला येत आणि मागे खुर्ची टाकून बसत. "उदेसिंग, पह्यले पॅसेंजर उतरू दे, मंग पड," म्हणत. आप्पांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. आप्पा एकदाचे घाट उतरू देत म्हणून नानीबाईनं नवस बोलला तो तेव्हा.

आप्पांचं म्हणणं एकच, दोष गाडीत आहे. डेपोत असं असलं की ड्रायव्हर तक्रार लिहून देतो आणि मेकॅनिक गाडी खोलतो. इथं मेकॅनिक नाही, म्हणून आप्पांनी खेळच खोलायला घेतला. हिंदी व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकू लागले. त्यांचा पहिला प्रोग्रॅम शहादा ते नंदुरबारचे थांबे ओळीनं दाखवी. एक थांबा राहून गेला तर तो घालायला त्यांना दोन दिवस लागले. मग खेळाच्या पोटातले आकडे हुडकायची विद्या. वहीवर तारीख, वेळ, आणि खाली "दोष : ब्रेक लागत नाही."

ती विद्या त्यांनी मला चालता चालता समजावली. बस धड असली की तिचा आकडा शंभर असतो. तर कॉम्प्युटरला सांगायचं, शंभर कुठे कुठे लिहिलंय ते काढ. हजारो जागा निघतात. मग बस मुद्दाम झाडाला घासायची. आकडा ब्याण्णव झाला की त्या हजारोंतल्या ज्या जागांचे ब्याण्णव झाले तेवढ्याच ठेवायच्या. असं करत करत एकच जागा उरते.

"मुद्दाम घासली?" मी विचारलं.

"तोंड फिरवीसन घासी," आप्पा म्हणाले. एवढं बोलतानाही त्यांचा चेहरा उतरला.

आकडा सापडल्यावर त्यांनी तो शंभरावर बांधून टाकला, फक्त बघायला. मग घाटात गेले. बस तीन वेळा दरीत कोसळली, दगडांवर आपटली, आणि तशीच धडधाकट सरकत खालच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. पडद्यावर तारे उडाले. नेमकी नानीबाई चहा घेऊन आली. "उतरनात!" म्हणून तिनं कप खाली ठेवला, आधी देवाजवळ दिवा लावला, मग गल्लीभर साखर वाटली. दलसिंगांनाही खायला लावली. आप्पांनीही ती साखर तोंडात टाकली.

मी म्हटलं, "आप्पा, देऊळ यायच्या आत तिला सांगा. हे पोटात ठेवून मला महादेवापुढं हात जोडता येणार नाहीत."

"ती रागावी."

"रागावू दे."

ते झपाझप पुढे गेले. मी मागून बघत होते. आप्पांचे हात बोलत होते, एक हात बस झाला, दुसरा दरी झाला. नानीबाई रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मी पोचले तेव्हा तिचा आवाज केळीच्या बागेपर्यंत जात होता.

"म्हनजे दरीमा पडेल गाडीसाठे मी काटा तुडवी ऱ्हायनू?"

"मी सांगनार व्हतू..."

"कवय? नारळ फुटावर? चप्पल काढा."

"आं?"

"काढा चप्पल. बोलनू मी, देवले सांगेल शे, आते मागे फिरता येत नही. पन खोटं तुम्हनं शे. उरेल रस्ता तुम्ही अनवानी चाला."

तिनं आप्पांच्या चपला पायांत घातल्या. दोन बोटं रिकामी राहत होती, तरी फटक फटक करत ती पुढे निघाली. वळून म्हणाली, "आनि आते उतरनू म्हनशात तरी मी मानाव नही!"

आप्पा खडीवरून एकेक पाय उचलून टाकत होते. मला हसू आवरेना, म्हणून मी पदर तोंडाला लावला.

तसंच चालता चालता आप्पांनी पुढचं सांगितलं. काल संध्याकाळी त्यांना ब्रेकचा आकडा सापडला होता. कळ दाबली की तो शून्यापासून हळूहळू चढतो, सोडली की परत शून्य. आणि आप्पा तर एकतीस वर्षांच्या सवयीनं घाटात ब्रेक मारायचे, सोडायचे, परत मारायचे. खरा ब्रेक धरून ठेवला तर तापतो ना! आकडा कधी वर चढलाच नाही. वहीतली तक्रार त्यांनी खोडली होती आणि पुढे लिहिलं होतं, "दोष : ड्रायव्हर."

"आते धरी ठेवसू," ते म्हणाले. "शंभरना आकडा सोडी दिना. काहीच बांधेल नही."

मग पायातला खडा काढायला ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन एका पायावर उभे राहिले. पुढे नानीबाई मागे न बघता चालली होती.

"ताई, बुधवारले आमना घर या. मन्हा बाजूले बठा. उतरनू तर उतरनू म्हनीसन तुम्ही तिले सांगा, मन्हं ती आते ऐकाव नही."

"आणि पडलात तर?"

"तेबी तुम्हीच सांगा."