पेटीच्या भात्यावरची बुरशी

वडील गेले त्याच वर्षी माझी बदली धुळ्याला झाली. चोपड्याच्या घरात ते आणि मी, दोघंच राहायचो. घर आणि शेत भावाने सांभाळायला घेतलं. मी माझे कपडे, भांडी आणि वडिलांची पेटी घेऊन निघाले. जन्मभर ते भजनाला पेटी वाजवत आले. मला मात्र एक स्वर धड काढता येत नव्हता. लहानपणी त्यांनी दोनदा शेजारी बसवलं होतं, दोन्ही वेळा मीच कंटाळून उठून गेले.

धुळ्यातली जागा दुसऱ्या मजल्यावर, एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचं स्वयंपाकघर, मध्ये फार तर चार हात अंतर. तिथे पाच माणसं संध्याकाळी एकत्र जेवायला बसत. पहिल्याच आठवड्यात मी ताट घेऊन बसले होते, मान वर केली तर त्यांच्यातली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. त्यात वाईट काहीच नव्हतं. तरी मी उठून खिडकी लावली, आणि मग ती लावलेलीच राहिली.

नळाला पाणी काही दिवसांआड यायचं. आलं की मी दोन ड्रम, बादल्या, पातेली, जे असेल ते भरून ठेवायची. एकटीला एवढं लागत नाही हे कळत होतं, पण चोपड्याला दोघांसाठी भरायची सवय हाताला होती. कपडे खोलीतच दोरीवर वाळत. गच्चीवर गेलं की बायका चौकशी करत, कुठल्या, घरी कोण कोण, आणि मी अर्धवट उत्तर देऊन खाली यायची.

श्रावणात खोलीला वास येऊ लागला. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरलेली. मी कोरड्या झाडूने खरवडलं, बाजारातून रंगाचा डबा आणला आणि रविवारी स्वतःच दोन हात मारले. पंधरा दिवसांत ठिपके रंगाच्या वर आले. मग मला पेटीची आठवण झाली. ती कपाटाच्याच शेजारी, भिंतीला टेकून होती. खोळ काढली. भात्यावर पांढरी लव आली होती, आणि वडिलांची बोटं जिथे फिरायची त्या पट्ट्या फुगून अडकल्या होत्या. मी जमिनीवर बसून राहिले. त्या दिवशी कामावर गेले नाही.

घरमालकांनी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला पाठवलं. मी त्यांना नाना म्हणायची. मी आधीच सांगून टाकलं, "नाना, बाहेरून पाणी झिरपतंय. गच्ची गळत असेल."

त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. दुधाची रिकामी पिशवी मागितली, तिचा चौकोन कापला आणि चारही कडांना चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. "दोन दिवस ऱ्हाऊ द्या," म्हणाले.

दोन दिवसांनी आले. पिशवीवर बाहेरून, खोलीच्या बाजूने, बारीक थेंब जमले होते. त्यांनी ती सोलून काढली. मागची भिंत कोरडी.

"ताई, हाई बठ्ठं पाणी घरमाईनच शे," ते म्हणाले. म्हणजे बाहेरून काही झिरपत नव्हतं, खोलीतलीच वाफ गार भिंतीवर जमत होती. मग त्यांनी ड्रमांकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, बंद खिडकीकडे पाहिलं. "खिडकी काबर नही उघाडतस?"

"समोर लोक असतात," मी म्हटलं.

"लोक तर राहतीनच," ते म्हणाले आणि चुन्याच्या हाताने खिट्टी काढू लागले. ती गंजली होती. हातोडीने ठोकावी लागली.

काय करायचं ते त्यांनी नीट सांगितलं. ड्रमवर झाकणं. स्वयंपाक करताना खिडकी उघडी, पाऊस थांबला की पुढचं दारही, म्हणजे वारा आरपार जाईल. कपडे वर गच्चीत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. नाकाला रुमाल बांधून भिंत ओल्या फडक्याने पुसायची, पुरती वाळू द्यायची, रंग अगदी शेवटी. कोरड्या झाडूने खरवडू नका, म्हणाले, बुरशी उडते आणि दुसरीकडे जाऊन बसते.

मी सगळं केलं. खिडकी उघडी राहिल्यावर समोरचं बोलणं ऐकू यायला लागलं. कोणाला भाजीत मीठ जास्त लागायचं, कोणाची परीक्षा असायची. मी हळूहळू जेवायची, त्यांचं जेवण संपेपर्यंत. भिंत सुकत गेली, पण खोली आधी कधी वाटली नव्हती इतकी रिकामी वाटू लागली.

दिवाळीनंतर पेटी एसटीने जळगावला नेली. तिथले दुरुस्ती करणारे गृहस्थ वडिलांच्याच वयाचे असतील. त्यांनी भाता दाबून पाहिला, फुस्स असा आवाज आला.

"भाता बदलावा लागेल. वाजवतं कोण?"

"कोणी नाही."

"मग कशाला दुरुस्त करता, ताई?"

"वडिलांची आहे," मी म्हटलं.

त्यांनी भाता सोडवून काढला. जुना भाता बाजूला ठेवताना म्हणाले, "फेकू का?" मी तो कागदात गुंडाळून मागून घेतला, आणि बसस्टँडवर आल्यावर बराच वेळ हातात धरून बसले. बुरशी त्याच्या घड्यांत खोलवर शिरली होती. घरी नेला असता तर पुन्हा पसरली असती. शेवटी तिथल्याच कचराकुंडीत ठेवला.

पंधरवड्याने पेटी आणायला गेले तेव्हा त्या गृहस्थांनी ताकीद दिली. पेटी बंद राहिली की पुन्हा बिघडते, रोज थोडी हवा खेळवा. तेव्हापासून संध्याकाळी कामावरून आले की मी पेटीची खोळ काढते, डाव्या हाताने भाता चालवते आणि उजव्या हाताच्या एका बोटाने सगळ्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे एकेक दाबत जाते. गाणं होत नाही. कुठली पट्टी अडकतेय का तेवढं कळतं.